गोसाईंकुंडाची संथ वाट

श्रावणातील ज्या पौर्णिमेस आपल्या किनाऱ्यावरचे कोळी वाजतगाजत जाऊन दर्याला नारळ अर्पण करतात, आणि ज्या पौर्णिमेस वैदिकांच्या घरी श्रावणी होऊन जुने यज्ञोपवीत जाते व नवे येते, त्याच पौर्णिमेस नेपाळातील रसुवा जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून ४,३८० मीटर उंचीवर, जेथे वृक्षांची सीमा केव्हाच मागे पडलेली असते आणि ऐन पावसाळ्यातही पहाटेचा वारा हाडांपर्यंत पोहोचतो, अशा एका तळ्याच्या काठी सहस्रावधी माणसे जमतात, अंग बधिर करणाऱ्या पाण्यात स्नान करतात, आणि ओलेत्या अंगाने महादेवाचा जयजयकार करीत उभी राहतात. या दिवसाला तिकडे जनैपूर्णिमा म्हणतात. जनै म्हणजे आपले जानवे. जानव्याचा रिवाज ज्यांच्यात नाही अशा स्त्रीपुरुषांच्याही मनगटाला त्या दिवशी डोरो नावाचा मंतरलेला दोरा बांधतात, तो दिवाळीच्या लक्ष्मीपूजनापर्यंत जपून ठेवतात आणि मग गाईच्या शेपटीला बांधतात. तिकडच्या नेवार लोकांच्या घरी मोड आलेल्या नऊ कडधान्यांचे क्वाँटी नावाचे कढण शिजते. तिथी एक, सूत एक, मोडाच्या कडधान्याची गोडीही एक. मात्र आपला त्या दिवसाचा देव उंबऱ्याबाहेर लाटा उसळीत उभा असतो, आणि त्यांचा देव गाठावयाचा तर प्रत्येक श्वास मोजून खर्चावा लागतो.

त्या देवाच्या भेटीस मी एका श्रावणात गेलो होतो, आणि पहिल्या खेपेस मला त्याच्या दारातून परत फिरावे लागले. का फिरावे लागले हे समजून घेता घेता उंचावरील तीर्थांच्या यात्रेविषयी जे मला उमगले, ते आपल्याकडून दरवर्षी मोठ्या हौसेने हिमालयात जाणाऱ्या मंडळींच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. कारण गोसाईंकुंड घ्या, चंब्याकडील मणिमहेश घ्या, गढवालातील हेमकुंड घ्या की तिबेटातील मानसरोवर घ्या, ही सारी सरोवरे ४,००० मीटरांच्या वर आहेत, आणि त्या उंचीवर माणसाच्या देहाला लागू होणारा कायदा सर्वत्र एकच आहे.

गोसाईंकुंड हे एकटे तळे नव्हे. सरस्वतीकुंड, भैरवकुंड, नागकुंड, सूर्यकुंड अशी लहानमोठी कुंडे त्या माथ्यावर विखुरलेली असून लोक त्यांची संख्या १०८ सांगतात. ही संख्या जपमाळेच्या मण्यांची आहे, मोजणीखात्याची नव्हे, आणि तिचा आदर त्याच भावनेने केला पाहिजे. हिमयुगात या डोंगरांच्या माथ्यांवरून हिमनद्या सरकत होत्या. हिमनदी म्हणजे केवळ गोठलेले पाणी नसते. आपल्या पोटात धोंडे आणि वाळू धरून ती तळाचा कातळ खरवडत जाते, आणि पुढे हवामान उबदार होऊन ती मागे हटली म्हणजे तिने कोरलेले बशीसारखे खळगे उघडे पडतात, त्यांच्या तोंडाशी तिनेच आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध असतो, आणि त्यात वितळलेल्या बर्फाचे व पावसाचे पाणी साठून तळे होते. हिवाळ्यात ही कुंडे गोठून पांढरी पडतात. १९७६ साली स्थापन झालेल्या लांगटांग राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ती येतात, आणि पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणातील रामसर येथे १९७१ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत २००७ साली गोसाईंकुंडाची व त्याच्या भावंडांची नोंद झाली.

लोकांच्या मनातली नोंद मात्र फार जुनी आहे. समुद्रमंथनातून हालाहल निघाले आणि त्रैलोक्य होरपळू लागले तेव्हा शंकराने ते प्राशन केले. कंठात दाह उठला, तो शमविण्यासाठी तो हिमालयाच्या माथ्यावर धावत आला, त्याने कातळावर त्रिशूळ हाणला, तीन धारा फुटल्या, त्यांचे सरोवर झाले, आणि त्या सरोवरात नीलकंठ पहुडला. तळ्याच्या मध्यभागी पाण्याखाली दिसणारी शिळा ही त्याचीच पहुडलेली आकृती होय, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कुंडातून निघणाऱ्या ओढ्याला त्रिशूली म्हणतात; धुंच्याखाली तिबेटातून येणाऱ्या भोटेकोशीशी त्याचा संगम होतो, आणि आकाराने भोटेकोशी कितीतरी मोठी असूनही संगमापुढे नाव चालते ते त्रिशूलीचे. पुढे देवघाटाजवळ तिला काळी गंडकी भेटते, म्हणजे आपल्या देवघरातील शाळिग्राम जिच्या पात्रातून येतात ती. दोघी मिळून नारायणी होतात, बिहारात गंडक म्हणवितात, आणि पाटण्यासमोर गंगेला मिळतात. तीर्थाच्या पाण्याचे आणखी एक नाते काठमांडूच्या खोऱ्यात सांगतात. पाटण शहरात कुंभेश्वराचे पाच छपरांचे जुने देऊळ आहे. एका यात्रेकरूच्या हातून गोसाईंकुंडात पडलेला कुंभ या देवळाच्या पुष्करिणीत वर आला, म्हणून दोहोंचे पाणी भूमीच्या पोटातून एक आहे, असे मानतात. ज्यांना वय, व्याधी किंवा प्रपंच यांमुळे डोंगर चढणे शक्य नाही, ते जनैपूर्णिमेस कुंभेश्वरी स्नान करून गोसाईंकुंडाचे पुण्य जोडतात. ही सोय ज्याने प्रथम काढली त्याच्या शहाणपणाला मी मनापासून वंदन करतो. दुबळ्या देहाला चढाईची सक्ती न करणारा धर्म मला थोर वाटतो.

आता वाटेविषयी. मोटाररस्ता होण्यापूर्वी काठमांडूच्या खोऱ्यातून कुंडाकडे जाणारा यात्रेकरू नुवाकोटच्या बाजूने नद्यांच्या काठाकाठाने, किंवा हेलंबूच्या डोंगरधारेने, मजल दरमजल करीत कित्येक दिवस चालत असे. आज काठमांडूहून पहाटे निघालेली बस, रामच्याच्या आसपासच्या दरडी कोसळल्या नसतील तर, सुमारे १२० किलोमीटर काटून दुपारी धुंच्यास उतरविते. धुंचे हे रसुवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. गावाच्या नाक्यावर लष्कराचे जवान सामानाची झडती घेतात आणि उद्यानाच्या कचेरीत परवान्याची नोंद होते. धुंच्याची उंची सुमारे २,००० मीटर आहे, आणि आपल्या महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर जे कळसूबाई, ते १,६४६ मीटर आहे. म्हणजे आपण ज्या टोकावर पोहोचून भगवा फडकावतो आणि खाली उतरू लागतो, त्याहूनही वरच्या पायरीवर ही यात्रा सुरू होते. सह्याद्रीत वर्षानुवर्षे गड चढलेल्या आपल्या तरुणांची दमछाक सहसा होत नाही, त्यांचे गुडघे आणि छाती दोन्ही तयार असतात. आणि नेमका यानेच त्यांचा घात होतो, कारण पुढे जी अडचण येते ती पायांची नसतेच.

आमचा कार्यक्रम ज्यांनी आखून दिला होता त्यांनी धुंचे ते कुंड दोन दिवसांत बसविले होते, आणि मी त्यावर एक अक्षरही न बोलता मान्यता दिली होती. पहिल्या दिवशी ३,३३० मीटरांवरच्या चंदनबारीस मुक्काम, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडाच्या काठी. पहिला दिवस तर आनंदाचा होता. पावसाने न्हालेले रान, शेवाळाच्या दाढ्या लोंबणारे देवदारी वृक्ष, लालीगुरांसाची चिवट हिरवी पाने, पायांत जळवा, आणि मागेपुढे यात्रेकरूंची अखंड रांग. चंदनबारीस एक जुना गोम्पा आहे, आणि चौंरीगाईच्या दुधापासून चीज बनविण्याचा एक कारखाना आहे. चौंरी म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून आलेले, या उंचीला मानवलेले जनावर.

वाटेत एक वृद्धा भेटली. सत्तरीच्या पुढची असावी. त्रिशूली नदीकाठच्या एका गावाहून नातवाला सोबत घेऊन ती पायी निघाली होती, आणि आपल्याला निघून किती दिवस झाले हे तिने बोटांच्या पेरांवर मोजून सांगितले: पाच. वीसेक पावले चालावयाची, काठी टेकून थांबावयाचे, तीन-चार श्वास घ्यावयाचे, देवाचे नाव घ्यावयाचे, पुन्हा वीस पावले. हा तिचा क्रम चंदनबारीच्या चढावरही मोडला नाही आणि सपाटीवरही वाढला नाही. तिला ओलांडून जाताना प्रत्येक वेळी ती हसून एकच शब्द म्हणे, “बिस्तारै, बाबू, बिस्तारै.” बिस्तारै म्हणजे हळूहळू. त्या डोंगरांत जाणाऱ्या परक्याच्या कानावर पहिल्यांदा पडणारा आणि सर्वांत शेवटी समजणारा शब्द तोच.

हळू का जावयाचे, याचे उत्तर हवेत आहे. समुद्रकाठी आणि गोसाईंकुंडावर, दोन्हीकडे हवेत प्राणवायूचा अंश शेकडा २१ असतो. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावर जो हवेचा भार आहे तो जसजसे वर जावे तसतसा हलका होतो, आणि ४,३८० मीटरांवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे सहा दशांश राहतो. म्हणून तेवढ्याच खोल घेतलेल्या श्वासात प्राणवायूचे कण तेवढ्याच प्रमाणात कमी येतात. याचा साधा पुरावा कोणत्याही धर्मशाळेच्या चुलीवर पाहावयास मिळतो. तेथे पाणी सुमारे ८६ अंशांवर उकळू लागते, त्यामुळे उघड्या पातेल्यातली डाळ तासन्‌तास खदखदली तरी दाणा बोटाखाली कच्चाच लागतो, आणि शिट्टीचा कुकर पाठीवर वाहून आणल्यावाचून तेथे कोणाचेही डाळभात भागत नाही.

देहाला हे संकट कळते आणि तो आपल्या परीने तजवीज करू लागतो. श्वास जलद व खोल होतो. पण जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू अधिक बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते, आणि तसे होताच मेंदूतले श्वासाचे नियंत्रण त्याला आवरू पाहते. एक शक्ती वेग वाढवा म्हणते, दुसरी थांबा म्हणते. या ओढाताणीमुळेच उंचावर गेलेल्या माणसाचा श्वास झोपेत मधूनच थांबतो आणि तो धापा टाकीत दचकून जागा होतो. हा तंटा अखेर मूत्रपिंडे मिटवितात. रक्तातला जादा क्षार ती लघवीवाटे काढून टाकतात, तोल सावरतो, आणि मग श्वास निर्वेधपणे वाढू शकतो. परंतु या कामाला दिवस लागतात, तास नव्हेत. आणि रक्तातले तांबडे कण वाढावयाचे तर आठवडे लागतात. ही मुदत श्रीमंतीने कमी होत नाही, तारुण्याने होत नाही, व्यायामाने होत नाही आणि भक्तीनेही होत नाही. मुदत न पाळता वर चढत राहिले तर प्रथम डोके दुखते, अन्नावरची वासना उडते, मळमळते, झोप येत नाही. तरीही चढले तर कोणाच्या मेंदूला सूज येऊन पाय लटपटतात व शुद्ध हरपते, कोणाच्या फुफ्फुसांत पाणी भरून खोकल्यावाटे फेस येऊ लागतो, आणि या दोन्ही अवस्थांत ताबडतोब खाली उतरविले नाही तर माणूस दगावतो.

नेपाळी डोंगरी माणूस या सर्व प्रकाराला दोन शब्दांत बसवितो: लेक लाग्यो. लेक म्हणजे उंच डोंगरमाथा; ऊन लागावे, वारा लागावा, तसा माथा लागला. आपल्या भाषेत लेक म्हणजे पोटचे मूल, आणि हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला क्षणभर वाटले की त्या डोंगराची माया अंगाला चिकटते असे काही हे लोक म्हणत असावेत. हिमालयाच्या इतर भागांत याच व्याधीला विष लागणे म्हणत, आणि खिंडीतल्या विषारी फुलांचा गंध वाऱ्याने नाकात शिरून माणूस आजारी पडतो, अशी समजूत एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांच्या वृत्तांतांत ठिकठिकाणी नमूद आहे. समजूत चुकीची असली तरी निराधार नव्हती. बचनागासारखी जहाल मुळी याच उंच कुरणांत उगवते. १८२० साली कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक नथॅनिएल वॉलिक नेपाळात आले, ते स्वतः काठमांडूच्या खोऱ्यातच राहिले आणि गोसाईंथानाच्या, म्हणजे याच कुंडाकडच्या, उंच मुलखातील वनस्पती त्यांनी तिकडे जाणाऱ्या यात्रेकरूंकरवी मागविल्या; हिमालयाच्या कितीतरी वनस्पतींची शास्त्राला पहिली ओळख अशी भाविकांच्या हातून झाली. ज्या माथ्यावर विषाने होरपळलेला देव विसावला असे पुराण सांगते, त्याच माथ्यावरची हवा माणसाला विषासारखी लागते असे लोक म्हणत आले, यात मला केवळ योगायोग दिसत नाही. पोळलेल्या कंठाची आणि फुटणाऱ्या मस्तकाची ती कथा ज्यांनी या तळ्याशी जोडली, ते ही वाट स्वतः चढून गेलेले असले पाहिजेत.

उपायही त्यांनी शोधले होते. लसणाचा कढत झोल प्यावयाचा, आले चघळावयाचे, तिमुराचे दाणे जवळ ठेवून हुंगावयाचे. तिमुर म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचे सख्खे भावंड. लौरीबिनाच्या धर्मशाळेतल्या तामांग दिदीने चिमूटभर दाणे माझ्या तळहातावर घातले आणि मी ते दाताखाली धरले, तेव्हा जिभेला मुंग्या येऊन मला थेट बांगड्याच्या आमटीची आठवण झाली. तिने मला त्या रात्री तेथेच राहा म्हणून सांगितले होते. लौरीबिना ३,९१० मीटरांवर आहे. ढग फाटले की पश्चिमेला गणेश हिमाल, मनास्लू आणि पार अन्नपूर्णेपर्यंतची शिखरे तेथून एका रांगेत दिसतात. पण उद्या पौर्णिमा, काठावर जागा मिळणार नाही, सोबतचे पुढे गेले, अशी घाई माझ्या अंगात शिरली होती. मी निघालो. ती वृद्धा त्या वेळी धर्मशाळेच्या पडवीत कांबळे अंथरीत होती. तिचा त्या दिवसाचा मुक्काम ठरलेला होता.

कुंडाच्या काठी पोहोचलो तेव्हा धुके इतके दाट होते की पाणी ऐकू येत होते, दिसत नव्हते. तामांग झाँक्री, म्हणजे तिकडचे देवऋषी, मोरपिसांचे मुकुट आणि घंटांच्या माळा घालून ध्यांग्रो नावाचा दांड्याचा ढोल वाजवीत नाचत होते, आणि त्यांचा ताल रात्रभर चालला. कोणत्या धर्माचा कोणता देव कोठे संपतो आणि कोठे सुरू होतो हे विचारण्याचे ते स्थळ नव्हे; लिंगावर पाणी घालणारे हिंदू, पताका बांधणारे बौद्ध आणि पितरांना हाका मारणारे झाँक्री हे सारे एकाच पाण्याकडे तोंड करून होते. माझ्या कपाळात मात्र त्या ढोलाचा प्रत्येक ठोका खिळ्यासारखा शिरत होता. मध्यरात्रीपर्यंत दोनदा ओकारी झाली. पहाटे सोबत्यांनी मला यात्रेपुरत्या उभारलेल्या आरोग्य शिबिराच्या तंबूत नेले. हिमालयातील प्रवाशांच्या सुरक्षेसाठी १९७३ साली स्थापन झालेली एक नेपाळी संस्था दरवर्षी जनैपूर्णिमेस तेथे असे शिबिर चालविते. तरुण डॉक्टरांनी नाडी पाहिली, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजला, आणि मग जमिनीवर दोरी अंथरून तिच्यावरून टाचेला चवडा लावीत चालावयास सांगितले. माझा तोल गेला नाही. माझ्यानंतर एक विशीतला मुलगा उठला. तिसऱ्या पावलाला तो दारू प्यायल्यासारखा बाजूला झुकला, आणि डॉक्टरांनी त्याला तत्क्षणी खाली बसवून एका भारवाहकाला हाक मारली. थोड्याच वेळात तो मुलगा एका डोक्यात, म्हणजे त्या लोकांच्या पाठीवरच्या बांबूच्या टोपल्यात, पाय पोटाशी घेऊन बसलेला, कपाळपट्टीवर तोललेला, धुक्यात खाली उतरताना दिसला. मला मिळालेला हुकूम असा होता: आजच्या आज चंदनबारीस उतरा, डोके दुखणे पूर्ण थांबले, भूक लागली, तर दोन-तीन दिवसांनी सावकाश पुन्हा या.

या विषयाचा अभ्यास याच तळ्याच्या काठी झालेला आहे. काठमांडूचे डॉ. बुद्ध बस्न्यात आणि त्यांचे सहकारी यांनी जनैपूर्णिमेच्या यात्रेत दोनशेहून अधिक जणांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश लोकांना लेक लागलेला होता, आणि मेंदूला सूज येत असल्याची चिन्हे जवळजवळ एक तृतीयांशांत आढळली. गिर्यारोहकांच्या शिबिरांतूनही सहसा इतके मोठे प्रमाण दिसत नाही. मला त्यात नवल वाटत नाही. गिर्यारोहकाला दिवस बदलता येतो, यात्रेकरूला तिथी बदलता येत नाही. गिर्यारोहक पोटभर जेवून चढतो, यात्रेकरूला पुष्कळदा उपवास असतो. डोके दुखू लागले तर गिर्यारोहक ते आजाराचे लक्षण मानतो, यात्रेकरू ती देवाने घेतलेली परीक्षा मानून सोसतो, आणि वर पोहोचल्यावर गोठत्या पाण्यात बुडी मारतो. श्रद्धेचे जे गुण, चिकाटी, सोशिकपणा, माघार न घेणे, तेच येथे प्राणावर बेततात.

रस्त्यांनी ही कोंडी अधिक घट्ट केली आहे. सिक्कीममधील गुरुडोंगमार सरोवर ५,००० मीटरांहून उंच आहे, आणि लाचेनहून पहाटे निघालेली मोटार सूर्य वर येईतो प्रवाशाला त्याच्या काठावर नेऊन ठेवते. आपल्याकडची मंडळी, त्यांत लहान मुले आणि वृद्धही, तेथे स्वेटर आणि कानटोप्या घालून उतरतात, आणि थंडीचा बंदोबस्त केला म्हणजे सर्व केले असे समजतात. मी रस्त्यांच्या विरोधात नाही. धुंच्याच्या रस्त्याने आजारी माणसे दवाखान्यात पोहोचतात, बटाटा बाजारात पोहोचतो, मुले शाळेत पोहोचतात. पायी जाणारा पूर्वीचा यात्रेकरूही या हवेपासून सर्वस्वी सुरक्षित नव्हता. पण त्याच्या यात्रेत जी संथपणाची शिदोरी आपोआप बांधलेली होती, ती मोटारीने काढून घेतली, आणि तिची भरपाई आता आपल्याला जाणूनबुजून करावी लागेल. आपल्या वारकऱ्याला हे सांगावे लागत नाही. आळंदीहून पंढरपूरला मोटारीने काही तासांत जाता येते हे त्याला ठाऊक असते, तरी पालखीचे मुक्काम आणि वाटेतले विसावे यांतला एकही तो गाळीत नाही, कारण चालणे हीच वारी आहे असे तो मानतो. गोसाईंकुंडाच्या वाटेवर तर विसावा हेच औषध आहे.

म्हणून ज्यांना जावयाचे असेल त्यांनी हिशेब असा करावा. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ३०० ते ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी काढावा. धुंचे ते चंदनबारी ही पहिलीच उडी १,३०० मीटरांची आहे, ती शक्य तर मध्ये तोडावी. चंदनबारीस दोन रात्री, मग चोलांगपाटी, मग लौरीबिना, मग कुंड. याहून उत्तम म्हणजे आधी लांगटांगच्या खोऱ्यात क्यांजिनपर्यंत, म्हणजे ३,८७० मीटरांपर्यंत, चार-पाच दिवसांत चढून यावे, आणि सरावलेल्या रक्तानिशी कुंडाकडे वळावे. कुंडावरून परत न फिरता ४,६१० मीटरांची लौरीबिना खिंड ओलांडून फेदी, घोप्ते, थारेपाटी असे हेलंबूमार्गे सुंदरीजलास उतरता येते. मात्र त्या बाजूने वर येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की घोप्त्याच्या पुढे चढ एकदम अंगावर येतो. पौर्णिमेचा हट्ट नसेल तर दसऱ्यानंतरचा हंगाम धरावा. आकाश धुतलेले असते, जळवा नसतात आणि धर्मशाळांत पाय पसरावयास जागा मिळते.

पौर्णिमेच्या दिवशी मी चंदनबारीच्या धर्मशाळेत पडून होतो. डोके दुपारीच उतरले होते. संध्याकाळपासून परतणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागली. कोणाच्या गळ्यात नवे जानवे, कोणाच्या मनगटावर नवा दोरा. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती वृद्धा आली, तीच वीस पावले, तोच थांबा. नातवाच्या पाठीवर पाण्याची बाटली होती. मी अंगणात उभा राहून तिला नमस्कार केला. माझी हकीकत तिला वाटेतच कोणाकडून तरी कळलेली दिसली, कारण काही न विचारता तिने बाटलीचे बूच काढून माझ्या ओंजळीत थोडे पाणी घातले, उरलेल्या ओल्या हाताने माझ्या कपाळावर पुसले, आणि पुढे चालू लागली.

चवथ्या दिवशी मी पुन्हा निघालो. चोलांगपाटीस एक रात्र राहिलो, लौरीबिनास एक राहिलो. दिदीने या खेपेस काही सांगितले नाही, फक्त झोलाचे भांडे पुढे केले. माथ्यावर पोहोचलो तेव्हा यात्रा उठून गेली होती. तंबूंच्या खुणा, विझलेल्या शेकोट्या, ओल्या दगडांवर झेंडूच्या पाकळ्या. देवळाजवळ एक माणूस लोखंडी त्रिशूळांना अडकलेल्या चिंध्या सोडवीत होता. मी काठावरच्या एका दगडावर बसलो. डोके शांत होते. दहाच्या सुमारास दक्षिणेकडचे धुके उचलू लागले, आधी पलीकडचा कातळ दिसला, मग त्याचे प्रतिबिंब, आणि मग तळ्याच्या मध्ये, पाण्याखाली, निळसर, लांबट अशी ती शिळा.